जुना डिझेल ट्रक सुरू का होत नाही : दोषनिदानाचा क्रम

टंचाईच्या दिवसांत पाण्याचा टँकर पहाटे पाचच्या सुमारास विहिरीवर भरण्यास लागला, तरच दिवसाच्या ठरलेल्या खेपा पूर्ण होतात. माणशी २० लिटर पाणी धरले, तर १०,००० लिटरची एक खेप म्हणजे ५०० माणसांचे एका दिवसाचे पाणी होय. असा टँकर पहाटे वारंवार सेल्फ मारूनही सुरू झाला नाही, मग बॅटरी उतरली, मग आठ-दहा माणसांनी धक्का दिला आणि नऊ वाजता तो पांढरा धूर ओकत कसाबसा निघाला, म्हणजे एक खेप बुडालीच असे समजावे. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या हंड्यांची रांग तेवढा वेळ उन्हात तिष्ठत राहते.

यानंतरचा भाग कार्यालयात घडतो. ट्रक दुरुस्तीस जातो आणि बिल येते. बिलावर पंप खोलून दुरुस्त केल्याचा, नॉझल बदलल्याचा, क्वचित रिंगा बदलल्याचा उल्लेख असतो. हा खर्च का करावा लागला, कोणत्या तपासणीवरून तो ठरला, हे बिलावर नसते आणि सही करणाराही ते विचारत नाही, कारण काय विचारावे हेच त्यास ठाऊक नसते. पंधरा दिवसांनी ट्रक पुन्हा पहाटे रुसून बसतो. प्रस्तुत लेख मेकॅनिकसाठी लिहिलेला नाही. ज्यांच्या सहीने वाहन दुरुस्तीस जाते आणि ज्यांच्या सहीने बिल अदा होते, अशांना निदानाचा क्रम समजावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

कोणता ट्रक?

येथे विचार केला आहे तो यांत्रिक इंधन पंप असलेल्या डिझेल ट्रकचा. सरळ रेषेत सहा सिलिंडर, बाजूला सहा नळ्यांचा पंप, त्या पंपाच्या कुशीला हाताने दाबावयाचा दट्ट्या असलेला फीड पंप, अशी रचना अनेक वाचकांनी पाहिली असेल. १९५४ मध्ये जमशेदपूर येथे ट्रकचे उत्पादन सुरू झाल्यापासून आपल्या रस्त्यांवरील मालवाहतुकीचा मोठा भाग अशाच इंजिनांनी वाहिला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ‘भारत टप्पा ४’ची मानके लागू झाली. त्यानंतरच्या ट्रकांत संगणकीय नियंत्रणाची, अतिउच्च दाबाची इंधनप्रणाली सर्रास आली. तिच्या तपासणीची रीत वेगळी आहे आणि पुढे सांगितलेली एक चाचणी तर तिच्यावर कदापि करू नये.

शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीची १५ वर्षांहून जुनी वाहने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी नूतनीकरणास पात्र राहिलेली नाहीत. त्यामुळे पंचायतीच्या स्वतःच्या ताफ्यात आज ‘जुना ट्रक’ म्हणजे साधारणतः २०१७ पूर्वी घेतलेला, पण पंधरा वर्षे पूर्ण न झालेला ट्रक होय. भाड्याने घेतलेले खाजगी टँकर याहून जुने असू शकतात. इंजिनाची तऱ्हा दोहोंची सारखीच.

डिझेल पेट कसे घेते?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हा अनुभव शाळकरी मुलासही असतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आऊग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखविलेले इंजिन याच तत्त्वाच्या जवळ जाते. पेट्रोल इंजिनात ठिणगी देण्यासाठी प्लग असतो, डिझेल इंजिनात तो नाही. आपल्याकडच्या ट्रक इंजिनात सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या भागात दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की डिझेलचे तुषार तीत शिरताच आपोआप पेटतात. म्हणजे इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात. हवा पुरेशा वेगाने दाबली गेली पाहिजे, दाबताना ती निसटता कामा नये, आणि योग्य क्षणी बारीक तुषारांच्या रूपात डिझेल आत आले पाहिजे.

यांपैकी वेगाचे महत्त्व बहुधा ध्यानात घेतले जात नाही. इंजिन सावकाश फिरले की दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरते आणि हवा रिंगांच्या फटीतून निसटण्यास अधिक अवधी मिळतो. सुरू होण्यासाठी मिनिटाला सुमारे १०० ते १५० फेरे तरी हवेत. ६० फेऱ्यांवर निर्दोष इंजिनही पेट घेणार नाही. अशा वेळी पंपावर ठपका ठेवणे म्हणजे चुलीत ओले लाकूड घालून काडेपेटीला दोष देण्यासारखे आहे.

प्रथम चालकास विचारावे

निदानाचा आरंभ पान्याने नव्हे, प्रश्नाने करावा. ट्रकाबरोबर रोज आठ-दहा तास असणाऱ्या चालकाला जे माहीत असते ते कागदावर क्वचितच उतरते. कार्यालयात त्याला कोणी विचारीत नाही आणि गॅरेजमध्ये त्याच्यापुढे मिस्त्री बोलत असतो. त्रास फक्त पहाटे होतो की दुपारी गरम इंजिन बंद करून पुन्हा लावतानाही होतो? रात्री ट्रक चढावर तोंड करून उभा केला तर त्रास वाढतो काय? सेल्फ जोमाने फिरतो की कण्हतो? सुरू झाल्यावर थरथर किती मिनिटांत थांबते, की थांबतच नाही? तक्रार हळूहळू वाढत गेली की एखाद्या कामानंतर, उदाहरणार्थ फिल्टर बदलल्यानंतर, एका दिवसात उपटली?

दुसरा साक्षीदार धूर होय. सेल्फ चांगला फिरत असताना सायलेन्सरमधून काहीच धूर येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. म्हणजे दोष वेगात, दाबात, नॉझलच्या तुषारांत किंवा पंपाच्या वेळेत आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल अधिक किंवा ते नीट न फवारलेले. निळसर धूर इंजिन ऑइल जळल्याचा. पांढऱ्या वाफेबरोबर रेडिएटरमधील पाणी रोज घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. एवढ्या निरीक्षणास पाच मिनिटे लागतात आणि निम्मे काम होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘थंडीमुळे उशीर लागतो’ हे उत्तर आपल्याकडे वर्षभर दिले जाते. नाशिक जिल्ह्यातील निफाडकडे जानेवारीत पारा बराच खाली जातो, तेव्हा ते मान्य करता येईल. पण टँकर धावतात ते प्रामुख्याने मार्च ते जूनमध्ये. मराठवाड्यातील मे महिन्याच्या पहाटे डिझेल इंजिनाला थंडी वाजत नाही.

बॅटरी, तारा आणि सेल्फ

बहुतेक ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळविलेले असतात. पूर्ण भरलेली व काही तास विसावलेली प्रत्येक बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. झाकणे उघडता येत असतील तर हायड्रोमीटर अधिक खरे सांगतो. आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२५०च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १.२००च्या खाली गेल्यास ती निम्मी रिकामी समजावी. सहा घरांपैकी एकच घर इतरांहून ०.०५० ने मागे असेल, तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी व्यर्थ होय. ही मोजणी पाणी घालण्यापूर्वी करावी. पाणी घालून लगेच मोजल्यास आकडा फसवा येतो. आणखी एक वाईट सवय म्हणजे दोहोंपैकी एकच बॅटरी नवी घालणे. जुनी व नवी एकत्र जोडल्या की जुनी नवीला ओढीत खाली नेते.

बॅटऱ्या चांगल्या असूनही सेल्फ कण्हत असेल, तर तारा पाहाव्यात. सेल्फ शेकडो अँपिअर वीज ओढतो. प्रवाह ४०० अँपिअर धरला, तर एका ओहमच्या हजाराव्या भागाइतक्या रोधाने ०.४ व्होल्ट वाया जातात. पांढरी-हिरवी बुरशी धरलेले टर्मिनल, आतून तुटलेली जाड तार आणि रंग न खरवडता आवळलेली अर्थिंगची पट्टी ही अशा रोधाची नेहमीची स्थाने होत. तपासणी सोपी आहे. कोणी सेल्फ मारीत असताना व्होल्टमीटरची एक कांडी बॅटरीच्या खुंट्यावर व दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर धरावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला तर त्या दोन ठिकाणांमध्ये दोष आहे. बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनचा ब्लॉक यांमध्येही असेच पाहावे. मीटर नसेल तर काही सेकंद सेल्फ मारून झाल्यावर जोडण्यांना हात लावावा. जी जोडणी कोमट लागते ती दोषी. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक काळ मारू नये, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको हे सांगावयास नकोच.

पाण्याने टर्मिनल धुऊन, खरवडून, घट्ट आवळून आणि वर पेट्रोलियम जेलीचा थर देऊन ट्रक सुरू झाला, तर त्या दिवसाचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अशी दुरुस्ती बिलावर येत नाही, म्हणून ती कोणाच्या स्मरणातही राहत नाही.

डिझेलच्या वाटेवरील हवा

सेल्फ जोमाने फिरतो, धूर मात्र नाही. आता डिझेलची वाट टाकीपासून पुढे शोधीत जावी, पंपापासून मागे नव्हे.

त्याआधी क्षणभर केबिनमध्ये जावे. इंजिन बंद करण्यासाठी ओढावयाची तार असते. ती पंपावरील दांडीला बंद स्थितीत नेते. तार गंजून अर्ध्यावर अडकली असेल, तर पंप सुरू होण्यापुरतेही डिझेल देत नाही. चालकाने नॉब आत ढकललेला असतो, पण इंजिनाजवळची दांडी पुरती मागे आलेली नसते. एकाने नॉब हलवावा, दुसऱ्याने दांडीकडे पाहावे. थेंबभर तेलाने बरा होणारा हा दोष पंप खोलूनही सापडणार नाही, कारण तो पंपात नसतोच.

टाकीच्या झाकणास हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. धुळीने ते बुजल्यास टाकीत निर्वात होऊ लागतो. इंजिन सुरू होते, काही मैल चालते आणि गुदमरून बंद पडते. झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू आला तर निदान झाले. टाकीच्या तळाशी साचणारे पाणी व गाळ हा दुसरा प्रकार. पिंपात साठविलेले डिझेल हातपंपाने भरण्याची पद्धत जेथे आहे, तेथे तो हमखास आढळतो. फीड पंपाला जोडलेली काचेची वाटी आणि फिल्टरच्या तळाचा नळ उघडून आधी बाटलीत नमुना घ्यावा. पाणी खाली बसलेले स्पष्ट दिसते.

परंतु पहाटेच्या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे कारण, माझ्या मते, हवा हेच आहे. टाकी ते फीड पंप हा नळीचा भाग ओढीचा असतो. त्यात भोक असले तर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणूनच ही गळती डोळ्यांना दिसत नाही. रात्री ट्रक उभा असता नळीतील डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते आणि पोकळीत हवा भरते. पहाटे सेल्फ मारला की पंप प्रथम ही हवा दाबीत बसतो. हवा दबते, पण नॉझल उघडण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोइतका, दाब तिच्यातून निर्माण होत नाही. ट्रक चढावर तोंड करून उभा असेल तर टाकी इंजिनाच्या मानाने खाली जाते आणि त्रास वाढतो. चालकास विचारावयाच्या प्रश्नांत तो प्रश्न घातला आहे तो यासाठीच.

याची परीक्षा अगदी साधी आहे. पहाटे सेल्फला हात लावण्यापूर्वी फीड पंपावरील दट्ट्या मोकळा करून वीस-पंचवीस वेळा दाबावा. आरंभी तो हलका, पोकळ लागतो, मग जड होतो. त्यानंतर एका सेल्फमध्ये इंजिन सुरू झाले, तर पंप, नॉझल व इंजिन तिन्ही निर्दोष आहेत आणि दोष फक्त रात्री डिझेल मागे जाण्यात आहे. मग फीड पंपातील झडपा, ओढीच्या बाजूची रबरी नळी, बँजो बोल्टखालची तांब्याची वॉशरे आणि वाटीचे गॅस्केट एवढेच पाहणे उरते. हवा कोठून येते हे शोधण्यासाठी फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडतात. इंजिन चालू असता तीतून बुडबुडे वाहताना दिसले, तर गळती त्या नळीच्या टाकीकडील बाजूस आहे.

हवा काढण्याचाही क्रम आहे. प्रथम फिल्टरवरील स्क्रू सैल करून दट्ट्या दाबीत राहावे. फेसाळ डिझेल जाऊन अखंड धार आली की स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रू. शेवटी, गरज पडल्यास, नॉझलकडील नळ्यांची नटे सैल करून सेल्फ मारावा. हा क्रम उलटा केला तर हवा पुन्हा पुढे सरकते आणि बॅटरीचा प्राण जातो.

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण देतो. एका ग्रामपंचायतीच्या टँकरचा पंप एका हंगामात दोनदा खोलून जोडण्यात आला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये हवा काढून ट्रक परत दिला जाई, त्या दिवशी तो झटकन सुरू होई आणि दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे तक्रार जशीच्या तशी. पंप दुरुस्त झाला म्हणून नव्हे, हवा काढली म्हणून तो सुरू होत होता. अखेर टाकीजवळ क्लिपखाली चिरलेली वीतभर रबरी नळी सापडली. वरून ती धड दिसत होती, वाकविल्यावरच चीर उघडली. या दोन खर्चांबद्दल कोणास जबाबदार धरता आले नाही, कारण पहिल्या बिलाबरोबर कोणतीही तपासणी नोंदलेली नव्हती.

इंजिन सुरू होते, पण थरथरते

ट्रक सुरू झाल्यावर आयडलिंगला इंजिन हलते, केबिन खडखडते, गिअरची दांडी नाचते. चालक यास ‘मिसिंग’ म्हणतो. पण या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी मोडतात आणि त्या कानाने वेगळ्या करता येतात. इंजिनाचा वेग संथ लाटेप्रमाणे वर-खाली होत असेल, जणू कोणी रेस देतो आहे व सोडतो आहे, तर दोष सर्व सिलिंडरांना समान अशा ठिकाणी आहे. डिझेलमधील हवा, पंपाचा गव्हर्नर, किंवा काही जुन्या इंजिनांवर असलेल्या हवेच्या ओढीने चालणाऱ्या गव्हर्नरचा फाटलेला पडदा. याउलट ठेका चुकल्यासारखा, ठराविक अंतराने ठोका गळत असेल, तर एखादा सिलिंडर काम करीत नाही.

कोणता, ते शोधण्याची चाचणी पूर्वापार चालत आली आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका नॉझलच्या नळीचे नट अर्धा आटा सैल करावे. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासे होते. चांगला सिलिंडर बंद झाला तर इंजिनाचा आवाज लगेच पडतो व थरथर वाढते. नट सैल करूनही काही फरक पडला नाही, तर तो सिलिंडर मुळातच काम करीत नव्हता. ही चाचणी करताना डोळ्यांवर चष्मा व नटाभोवती फडके असावे. उच्च दाबाची बारीक धार कातडीत घुसू शकते, तेव्हा गळती बोटाने चाचपू नये. तसे घडल्यास जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे. संगणकीय, सामायिक नळीच्या इंजिनांत दाब १,००० किलोहून पुष्कळ अधिक असतो. तेथे हे नट सैल करणे जीवावर बेतेल.

दोषी सिलिंडर सापडला की त्याचा नॉझल शेजारच्या नव्हे तर दूरच्या चांगल्या सिलिंडरला लावावा आणि तेथला येथे, खालची तांब्याची वॉशरे मात्र नवी घालावीत. दोष नॉझलबरोबर सरकला तर नॉझल खराब. दोष जागीच राहिला तर नळी, पंपाचा तो भाग किंवा सिलिंडरचा दाब. एका अदलाबदलीने सहा नॉझलांचा खर्च एकावर येतो. काढलेला नॉझल हातपंपाच्या यंत्रावर तपासून घ्यावा. पुस्तिकेत दिलेल्या दाबाला तो कुरकुरत उघडला पाहिजे, फवारा धुक्यासारखा असला पाहिजे आणि टोकाशी थेंब लोंबता कामा नये. थेंब लोंबणारा नॉझल काळा धूर देतोच, शिवाय सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन रिंगाही झिजवितो.

लागून असलेले दोन सिलिंडर एकदमच मेलेले आढळले, तर नॉझलचा विचार सोडून त्या दोहोंमधील हेड गॅस्केट जळाले आहे काय हे पाहावे. आणि कोणताही सिलिंडर दोषी नाही, ठेका बरोबर आहे, तरी केबिन हलते, अशा वेळी इंजिनखालची रबरी माउंटिंगे तपासावीत. आयडलिंगचा वेग पुस्तिकेतील आकड्याहून खाली उतरला असेल तरीही इंजिन थरथरते. तो स्क्रू अर्धा फेरा फिरविण्याचे काम आहे.

दाब तपासणे

पांढरा धूर, जोमदार सेल्फ, निर्दोष नॉझल आणि तरीही पहाटे उशीर. शिवाय गरम झाल्यावर इंजिन उत्तम चालते. असे चित्र असेल तर हवा निसटते आहे. पहिली शंका टॅपेटची घ्यावी. टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. फीलर गेजने अंतर तपासून ठीक करण्यास दोन-तीन तास पुरतात, आणि पुष्कळ वेळा एवढ्यावर भागते. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा ऑइल-बाथ प्रकारात तेल प्रमाणाबाहेर भरले असेल, तर सिलिंडरला हवाच कमी मिळते. खडीच्या रस्त्यावर धावणाऱ्या टँकरचा फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या आधीच साफ करावा लागतो.

यानंतर कॉम्प्रेशन गेज लावून सहाही सिलिंडरांचे दाब घ्यावेत व ते कागदावर लिहून मागावेत. निरपेक्ष आकडा सेल्फच्या वेगावर अवलंबून असतो, म्हणून आधी बॅटरी भरलेली हवी. अधिक बोलका असतो तो सिलिंडरासिलिंडरांतील फरक. पाच सारखे आणि एक फार खाली, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सहाही सारखेच खाली, तर रिंगा व लायनर झिजले. इंजिन चालू असता तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, तर त्यास दुजोरा मिळतो. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली व तेल पातळ असेल, तर त्यात डिझेल मिसळत आहे. तेल दुधाळ दिसले तर पाणी.

इंजिन खोलण्याचा निर्णय येथे येतो, त्याआधी नाही. तो घेताना वाहनाच्या नोंदणीची किती वर्षे उरली आहेत हे प्रथम पाहावे. चौदा वर्षे झालेल्या पंचायतीच्या ट्रकाला नवे लायनर-पिस्टन बसविणे हा हिशेब सहसा जमत नाही. दहा वर्षे झालेल्याला जमू शकतो.

पंप शेवटी

पंप निर्दोषच असतो असे नाही. त्यातील दट्टे व नळकांडी झिजतात. त्याची खूण पहाटेपेक्षा दुपारी अधिक दिसते. गरम इंजिन बंद केले की तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटते आणि दाब तयार होत नाही. ‘थंडा लगेच लागतो, गरम लागत नाही’ असे चालक सांगत असेल आणि सेल्फ दोन्ही वेळा सारखाच फिरत असेल, तर पंप कॅलिब्रेशनच्या बाकावर चढविणे योग्य. पंप पुन्हा बसविताना जोडणीवरील खुणा जुळविल्या नाहीत, तर डिझेल अवेळी फवारले जाते. उशिरा फवारल्यास पांढरा धूर व मंद इंजिन, लवकर फवारल्यास कर्कश ठोका. पंप उतरविल्यानंतरच सुरू झालेली तक्रार म्हणूनच प्रथम खुणांची तपासणी मागते.

काही घरगुती उपायांविषयी दोन शब्द. टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली जाळ करणे, एअर फिल्टरमध्ये पेट्रोलचा बोळा धरणे, ईथरचा फवारा मारणे हे प्रकार अजूनही दिसतात. ईथर दाबाने फार लवकर पेटतो. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाल्यास रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो. जाळाबद्दल काय लिहावे! रोज उतारावर ट्रक उभा करून गिअरमध्ये सोडण्याची युक्ती चालकाची अडचण भागविते, म्हणून तिला दोष देऊ नये, पण ती महिनोन् महिने चालू आहे हे कार्यालयाला कळले पाहिजे.

त्यासाठी लॉगबुकात एक जादा रकाना आखावा. पहिल्या सेल्फची वेळ, किती वेळा सेल्फ मारला, धुराचा रंग, दट्ट्या दाबावा लागला की नाही, एवढ्या चार गोष्टी चालकाने रोज लिहाव्यात. लिहिणे जमत नसेल तर टँकरवर फिरणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने लिहाव्यात. दुरुस्तीच्या मागणीपत्राला शेवटच्या पंधरा दिवसांची ही पाने जोडावीत. गॅरेजकडून बिलाबरोबर बॅटरीचे आकडे, सिलिंडर तोडून पाहिल्याचा निष्कर्ष, दाब मोजला असल्यास सहाही आकडे, नॉझलच्या तपासणीचा दाब आणि काढलेले सुटे भाग परत मागावेत. जुना नॉझल, चिरलेली नळी, तुटलेली रिंग ही पिशवीत घालून, वाहनाचा क्रमांक व तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह, पुढील लेखापरीक्षणापर्यंत कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. आणि दुरुस्त झालेला ट्रक गॅरेजच्या दारात, गरम इंजिनावर, दुपारी ताब्यात घेऊ नये. तो रात्रभर चढावर तोंड करून उभा करावा, पहाटे पाच वाजता चालकाने दट्ट्याला हात न लावता सेल्फ मारावा, आणि मगच बिलावर सही व्हावी.